सशांसाठी वाळलेले गवत आपल्याच बांधावर

पुणे, मुंबई, नाशिक यांसारख्या शहरांतून अलीकडे हौसेने ससे पाळणारी कुटुंबे पुष्कळ आढळतात. मांसासाठी करावयाचे व्यापारी ससेपालन हा निराळा विषय असून त्याचा विचार येथे कर्तव्य नाही. येथे विचार करावयाचा आहे तो घरात मुलाबाळांबरोबर वाढणाऱ्या एक-दोन सशांचा, व त्यातही त्यांच्या मुख्य अन्नाचा, म्हणजे वाळलेल्या गवताचा. शेतीविषयक पत्रिकेत हा विषय कशासाठी, अशी शंका वाचकांस येणे साहजिक आहे. परंतु हीच कुटुंबे परदेशातून येणारे ‘टिमथी’ नावाचे वाळलेले गवत किलोमागे शेकडो रुपये देऊन घेतात, आणि ज्यांना ते परवडत नाही ती सशाला पोळी, बिस्किटे व गाजरे घालून त्याचे आयुष्य नकळत कमी करतात. त्याच वेळी शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर आपल्या माळांवर व बांधांवर मारवेल, पवना, डोंगरी यांसारखी उत्तम गवते कार्तिकापर्यंत उभी राहतात, त्यांची काडी होते, आणि ती काडी गाईम्हशीही नाखुशीने खातात. या दोन गोष्टींची सांगड घालता येण्यासारखी आहे. त्यासाठी नवे बियाणे लागत नाही की यंत्र लागत नाही. गवत तीन-चार आठवडे आधी कापावे लागते व ते नीट वाळवावे लागते. यातील अडचणी मात्र खऱ्या आहेत व त्यांचाच विचार पुढे मुख्यत्वे केला आहे.

सशाला गवत का लागते

गाय किंवा शेळी यांच्याप्रमाणे ससा रवंथ करीत नाही. त्याच्या पोटात मोठ्या आतड्याच्या आरंभी अंधांत्र नावाची एक मोठी पिशवी असते व चाऱ्यावरील आंबवण्याची क्रिया तेथे होते. त्यातून निघणाऱ्या मऊ लेंड्या ससा रात्री किंवा पहाटे परस्पर तोंडाने उचलून खातो. पुष्कळ लोकांना हे पाहून किळस येते व ससा आजारी आहे असे वाटते. वास्तविक ही त्याची निसर्गाने लावून दिलेली रीत आहे व तिच्यात अडथळा आणू नये. हे सर्व आतडे चालते ठेवण्याचे काम चाऱ्यातील जाडसर तंतू करतात. तंतू कमी पडले व पिठूळ, गोड अन्न वाढले की आतड्याची हालचाल मंदावते, पोटात वायू धरतो व ससा खाणे सोडतो. ज्या सशाने दहा-बारा तास काही खाल्ले नाही व लेंडीही टाकली नाही, त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू न देता पशुवैद्याकडे न्यावे. पाळीव ससे जे अकस्मात मरतात असे म्हटले जाते, त्यांतील पुष्कळांची सुरुवात अशीच झालेली असते.

दुसरे कारण दातांचे. सशाचे पुढचे दात आठवड्याला सुमारे दोन ते तीन मिलिमीटर वाढतात व दाढाही जन्मभर वाढत राहतात. गवताची काडी आडवी चघळताना त्या झिजतात. गाजराने किंवा दाण्याच्या खुराकाने ही झीज होत नाही. दाढांना काटे फुटून ते जिभेला व गालाला लागू लागले की प्राणी भुकेला असूनही खाऊ शकत नाही.

म्हणून मोठ्या सशाच्या आहारात पाचांपैकी चार हिस्से तरी गवत असावे व ते त्याच्यासमोर दिवसरात्र असावे. दोन किलो वजनाचा ससा दिवसाकाठी सुमारे ८० ते १०० ग्रॅम वाळलेले गवत खातो. तुडविलेले, सांडलेले जमेस धरले तर महिन्याला साडेतीन ते चार किलो, म्हणजे वर्षाला पंचेचाळीस किलोच्या आसपास बेगमी लागते. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढील सर्व हिशेब त्यावर आहे.

येथे एक गोष्ट सांगून ठेवणे अवश्य आहे. पाळीव ससा हा युरोपातील जातीचा. आपल्या माळरानावर आढळणारा ससा निराळ्या जातीचा असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. गवत कापताना त्याची पिल्ले सापडली तर ती घरी आणू नयेत. असतील तेथेच सोडून कापणी थोडी बाजूने करावी. आई दूर असते, परंतु पिल्लांना पाजण्यास ती परत येते.

गवत केव्हा कापावे

सर्व गुपित या एका प्रश्नात आहे. टिमथी हे थंड हवेच्या प्रदेशातील गवत असून अठराव्या शतकात अमेरिकेत टिमथी हॅन्सन नावाच्या शेतकऱ्याने त्याचा प्रसार केला, म्हणून त्याला ते नाव पडले. आपल्या मैदानी उष्ण हवेत ते येत नाही, व येण्याचे कारणही नाही. ते गवत चांगले ठरते, कारण ते फुलोऱ्याच्या सुमारास कापतात, पाने टिकवून वाळवितात व कोरडे साठवितात. आपली मारवेल किंवा पवना फुलोऱ्यात कापली असता तिच्यात साधारणतः सहा ते आठ टक्के प्रथिने असतात. बी झडून गवत पिवळे पडले की हेच प्रमाण तीन-चार टक्क्यांवर येते, काडी लाकडासारखी होते व पाने गळतात. टिमथीच्या मानाने आपले फुलोऱ्यातील गवत किंचित भरड असते हे खरे. पण वाढ पुरी झालेल्या सशाला त्याने अपाय नाही. त्याला तंतूच हवे असतात.

मग आपला शेतकरी गवत फुलोऱ्यात का कापीत नाही? ही गोष्ट त्याला कळत नाही असे समजणे चुकीचे होईल. भाद्रपद-आश्विनात गवत निसवते तेव्हा उत्तरा व हस्त नक्षत्रांचा पाऊस चालू असतो. कापलेले गवत दोन वेळा भिजले की काळे पडते व कुजते. ठाणे, पालघर, रायगड या भागांत त्याच सुमारास भातकापणी तोंडावर येते व गवतासाठी माणूस मिळत नाही. म्हणून वरकस जमिनीवरील गवत भात घरात आल्यानंतरच कापले जाते. जनावरांच्या वैरणीचे शेकडो भारे कापावयाचे असता दुसरा मार्गही नाही.

परंतु सशासाठी लागणारे गवत शेकडो भारे नसते, आणि येथेच मार्ग निघतो. पहिला मार्ग असा की, बांधावरचा किंवा कुरणाचा एक लहान तुकडा श्रावणात जनावरांसाठी हिरवा कापून घ्यावा. जमिनीपासून चार बोटे खोड राखावे. त्यावर नवे फुटवे येतात. हे दुसरे गवत पहिल्यापेक्षा बारीक व पानाळ असते आणि मागाहून, म्हणजे चित्रा नक्षत्रात आकाश निवळू लागते त्या सुमारास, फुलोऱ्यावर येते. पावसाचा जोर व जमिनीची ओल यांवर आठ-दहा दिवसांचा फरक पडेल. ज्या वर्षी पाऊस लवकर ओढ देतो त्या वर्षी हलक्या माळावर दुसरे गवत खुरटेच राहते, हेही सांगितले पाहिजे. मारवेलसारख्या पुनःपुन्हा फुटणाऱ्या गवताला ही रीत विशेष मानवते.

दुसरा मार्ग रब्बीतील ओटचा. ज्याच्याकडे थोडे पाणी आहे त्याने एखाद-दोन गुंठ्यांत ओट पेरावा. केंट ही जुनी जात आहेच. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची ‘फुले हरिता’ही आहे. कार्तिकाच्या सुमारास पेरलेला ओट पौष-माघात फुलोऱ्यावर येतो. त्या दिवसांत हवा कोरडी, ऊन सौम्य व पावसाचे भय नाही, अशी वाळवणीला यापरती अनुकूल वेळ वर्षात नसते. लोंब्या बाहेर पडल्यावर व दाणा धरण्यापूर्वी कापणी करावी. एका गुंठ्यातून तीनशे किलो हिरवा चारा आला असे धरले तरी वाळून साठ-सत्तर किलो गवत हाती येते, म्हणजे एका सशाची वर्षाची बेगमी होऊन काही उरते. ससे ओटचे गवत आवडीने खातात. मला स्वतःला विचाराल तर नवख्या शेतकऱ्याने पावसाळी गवतावर हात बसविण्यापूर्वी ओटपासून सुरुवात करावी. पहिल्याच वर्षी माल काळा पडून निराश होण्याची वेळ येत नाही.

वाळविण्याची रीत

कापलेल्या हिरव्या गवतात सत्तर ते ऐंशी टक्के पाणी असते. साठवणीच्या वेळी ते पंधरा टक्क्यांवर, शक्य तर त्याहून खाली, आले पाहिजे. याहून ओले गवत रचले तर गंजी आतून तापते, बुरशी धरते, व बुरशीचे गवत सशाच्या आतड्याला तसेच श्वासालाही घातक ठरते. गाय ज्या गवताने थोडी ठसकेल त्या गवताने ससा दगावू शकतो.

दव उडाल्यावर कापणी करावी व पहिला दिवस गवत उन्हात पातळ पसरावे. दुपारी एकदा उलटावे. सायंकाळी ते लहान ढिगांत गोळा करावे, म्हणजे रात्रीचे दव वरच्या थरालाच लागते. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते उन्हात ठेवू नये. मांडवाखाली, पडवीत किंवा झाडाच्या दाट सावलीत, वारा खेळेल अशा रीतीने पसरावे किंवा बांबूच्या तिकाट्यांवर सैल टाकावे. सावलीत वाळलेल्या गवताचा हिरवा रंग व वास टिकतो. तीन दिवस कडक उन्हात तापलेले गवत पांढुरके व निर्गंध होते व ससा त्याला तोंड लावून बाजूला सरतो. वाळताना पाने चुरू लागतील तेव्हा उलटापालट दुपारी न करता सकाळी, पान किंचित नरम असता करावी. लसूणघास वाळविताना तर हे फारच सांभाळावे लागते, कारण तिचे सर्व सत्त्व पानात असते व कोरडे पान हात लागताच गळते.

गवत वाळले की नाही हे ओळखण्याची सोपी परीक्षा आहे. मूठभर काड्या घेऊन पिळ द्यावा. पेरे तडकली पाहिजेत व नखाने खरवडता आत ओल दिसता कामा नये. अधिक खात्री हवी असल्यास कोरड्या काचेच्या बरणीत गवताचे बारीक तुकडे घालून त्यांवर कोरडे बारीक मीठ टाकावे, झाकण लावून दोन-तीन मिनिटे हलवावे. मीठ सुटे राहिले तर गवत साठविण्यायोग्य झाले. मिठाचे खडे बनले किंवा ते काचेला चिकटले तर आणखी वाळवावे. ही परीक्षा पावसाळी दमट हवेत करताना मीठ आधी तव्यावर तापवून गार करून घ्यावे, नाहीतर दोष मिठाचा व बोल गवताला असे व्हावयाचे.

कोणते गवत, कोणते नव्हे

मारवेल, पवना, डोंगरी, अंजन व दूर्वा म्हणजे हरळी ही सर्व गवते चालतात. कुसळी गवत मात्र सशाला कधीही घालू नये. तिची कुसळे जिभेत, हिरड्यांत, डोळ्यांत रुततात व तेथे गळू होते. आपल्या माळांवर पवन्यात कुसळी मिसळलेली असतेच. फुलोऱ्यापूर्वी ती कोवळी असताना जनावरांना चालते, परंतु सशांसाठीचा तुकडा निवडताना कुसळी नसलेलाच निवडावा. वाळल्यानंतर ती वेचून काढणे होत नाही.

लसूणघास, बरसीम व भुईमुगाचा पाला ही द्विदल वैरण आहे. तिच्यात प्रथिने व चुना दोन्ही जास्त. सहा महिन्यांपर्यंतच्या पिलांना व पाजणाऱ्या मादीला ती उपयोगी. मोठ्या सशाला रोज देऊ नये. ससा अन्नातील चुना गरजेपेक्षा अधिक शोषून घेतो व जादा चुना लघवीवाटे टाकतो, त्यामुळे लघवी चुन्यासारखी दाट होऊन मूत्राशयात गाळ साचतो. भुईमुगाच्या पाल्यावर बुरशी फार लवकर येते, तेव्हा पावसात सापडलेला पाला तर नकोच.

संकरित नेपियर किंवा हत्तीगवत वाळवून ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. पान वाळते, जाड खोड आतून ओलेच राहते. भाताचा पेंढा सशाच्या अंगाखाली पसरण्यास उत्तम, खाण्यास निकृष्ट. गव्हाच्या काडाचेही तेच. ज्वारीचा कडबा कुट्टी करून देणारे आहेत. पोट भरण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. सुबाभळीच्या पाल्यात मायमोसीन नावाचे विषारी द्रव्य असल्याने तो टाळावा. युरियाची प्रक्रिया केलेला पेंढा किंवा काड गाईम्हशींसाठी असतो, कारण त्यांच्या पहिल्या पोटातील जीवजंतू युरियाचा उपयोग करून घेतात. सशाला तसे पोट नाही. त्याला तो पेंढा विषासमान आहे. ज्या घरी दोन्ही प्रकारची वैरण ठेवलेली असते तेथे ही गल्लत होऊ शकते, म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे मुद्दाम समजावून सांगावे.

गाजरगवत, घाणेरी, धोतरा, रुई यांची एकही डहाळी गवतात येऊ नये. कापणीपूर्वी तुकड्यातून एक फेरी मारून ती उपटून टाकणे सोपे. नंतर निवडणे कठीण. याहूनही मोठे संकट फवारणीचे. द्राक्षबागेतील, कापसाच्या किंवा भाजीच्या शेतालगतच्या बांधावरील गवतावर औषधाचा तुषार पडलेला असतो. तणनाशक मारलेल्या बांधाचे गवत जनावरांनाही घालू नये असे आपण सांगतो. सशाचे वजनच मुळी दोन किलो, तेव्हा गाईला न बाधणारी मात्रा त्याला बाधते. ज्या तुकड्यावर त्या हंगामात काहीही फवारलेले नाही, तोच या कामासाठी राखावा व विकताना तसे खात्रीने सांगता आले पाहिजे.

भाव व विक्री

परदेशी गवत महाग का पडते, याचा थोडा विचार केला म्हणजे आपली बाजू कोठे भक्कम आहे ते कळते. गवत हलके व जागा खाणारे. सैल गवत एका घनमीटर जागेत साठ-सत्तर किलोच मावते. ते जहाजाने आणावयाचे, गोदामात ठेवावयाचे, लहान पिशव्यांत भरून पुन्हा टपालाने घरोघर पोचवावयाचे. ग्राहक पैसे देतो ते मुख्यतः या वाहतुकीचे. गाव शहराजवळ असेल तर हा खर्च जवळजवळ वाचतो. दूरच्या गावाने मात्र या धंद्याच्या मागे लागू नये, कारण टपालाने किंवा मोटारीने लांब पाठविलेले आपले गवतही महागच पडेल.

त्याचप्रमाणे जनावरांच्या गवताचा भाव येथे लावता येत नाही. तुकडा राखणे, सावलीत वाळविणे, निवडणे, भरणे या सर्व श्रमांची मजुरी धरून भाव ठरवावा. तो वैरणीच्या कितीतरी पट होईल व तरीही परदेशी गवताच्या मानाने ग्राहकाला स्वस्त वाटेल. महिन्याला एका घराची मागणी चार किलोंची. वीस घरे जोडली तर वर्षाला नऊशे किलोंच्या आसपास गवत खपते. हा एका कुटुंबाचा जोडधंदा होईल, गावाचा होणार नाही. एकरच्या एकर या कामी लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, आणि सर्व माल आपणच परत घेऊ असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. प्रथम वर्षी दहा घरांची मागणी नक्की करून तेवढेच गवत तयार करावे.

शहरातील ग्राहकाला वाटेल तेथून गवत उचलण्यापेक्षा शेतकऱ्याकडून थेट घेणे हितावह आहे. चार-पाच कुटुंबांनी मिळून हंगामात एकदम दोनशे किलो उचलले तर भावही उतरतो व शेतकऱ्यालाही एका खेपेत पैसे मिळतात. ज्यांना ओळखीचा शेतकरी नाही त्यांनी घोड्यांच्या तबेल्यांना माल पुरविणाऱ्या वखारींत चौकशी करावी. घोडाही रवंथ न करणारा व धुळीच्या, बुरशीच्या गवताने आजारी पडणारा प्राणी असल्याने तेथील निवडक माल बहुधा बरा असतो. घेण्यापूर्वी गासडी फोडून मधले गवत हातात घ्यावे. ते हिरवट असावे, त्याला गोडसर वास यावा, झटकले असता धूर उडू नये, पाने काडीला लागून असावीत. वरून सोनेरी व आत काळसर ठिपके असलेले गवत कितीही स्वस्त मिळो, परत करावे. नवे गवत सुरू करताना जुन्यात थोडे थोडे मिसळून आठ-दहा दिवसांत पूर्ण बदल करावा.

घरी आणलेले गवत प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कोंडू नये. तागाचे पोते किंवा कापडी पिशवी वापरावी. जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. उंदीर व मांजर यांचा वावर तेथे नसावा, कारण त्यांच्या लघवीने घाण झालेले गवत ससा खात नाही व त्याने खाऊही नये. पावसाळ्यात पोत्यातील गवत नरम पडल्यासारखे वाटले तर उघडीप मिळताच तासभर हलक्या उन्हात पसरून, गार झाल्यावर पुन्हा भरावे. शेतकऱ्याने आपल्याकडील साठा मृगाच्या आधी एकदा पूर्ण उपसून पाहावा. जे गवत त्या वेळी चांगले निघेल तेच पावसाळ्याभर ग्राहकांना पुरवावे, व शंकास्पद वाटेल ते गोठ्यात न घालता सरळ खताच्या खड्ड्यात टाकावे.